कानातल्या शिट्टीवर लेसर लाइटचे उपचार: कुणी घेतलेत का?

कृष्णाकाठची
मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. मी सांगलीची, विश्रामबागला राहते. आमचे अप्पा 71 वर्षांचे. विट्यात त्यांचे आठ यंत्रमाग होते, 32 वर्षं स्वतः उभं राहून चालवले. 2018 ला माग भंगारात गेले आणि अप्पा आमच्याकडे आले.

गेल्या दिवाळीपासून त्यांच्या कानात सतत आवाज येतो. त्यांच्याच शब्दांत, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कसं स्स्स चालतं, तसं. फक्त शिट्टी काही होत नाही." दिवसा टीव्ही आणि नातवंडांच्या गोंधळात निभावतं. रात्री घर शांत झालं की उठून बसतात. परवा पहाटे तीनला स्वयंपाकघरात उजेड दिसला म्हणून गेले, तर नळ बारीक सोडून शेजारी स्टुलावर बसलेले. म्हणाले, "नळ चालू असला की कानातलं जरा मागं सरतं."

आता मुद्दा. ओळखीच्या एकांनी एका ठिकाणी नेलं (नाव लिहीत नाही). तिथे कानात लाल लेसर लाइट सोडतात. 20 सिटिंग, 18 हजार. "नस जागी होते, आवाज मुळापासून जातो" असं सांगितलं. कानात बॅटरी मारूनसुद्धा कुणी बघितलं नाही हे मला खटकलं. अप्पा तयार आहेत, भाऊ म्हणतो बोगस आहे, आणि मी मधे. कुणाला अनुभव आहे का? प्लीज, चेष्टा नको, ते खरंच बेजार आहेत.

भडंग_प्रेमी
चेष्टा नको म्हणालात म्हणून आज गप्प बसतो. पण अनुभव आहे. मी दोन वर्षांपूर्वी असलंच यंत्र ऑनलाइन मागवलं होतं, साडेसहा हजाराला. हेडफोनसारखं असतं, बोंड कानात घालायचं, आत लाल दिवा. रोज 20 मिनिटं, तीन महिने, एक दिवस चुकवला नाही. कानातला रातकिडा आहे तिथंच आहे. यंत्राचा उपयोग मात्र होतो. भिंतीवर लाल ठिपका पाडला की आमचं मांजर अर्धा तास उड्या मारतं.

(बघा, नाहीच राहवलं.)

सातारी_कंदी
मांजराला कानात काही ऐकू येतं का, ते पण विचारून घ्या राव.

वैद्यकुलोत्पन्न
हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग दिले आहेत. त्यात कर्णनाद वेगळा आणि कर्णक्ष्वेड वेगळा. भेरी, मृदंग, शंख असे आवाज येतात तो कर्णनाद, आणि वेणूसारखा बारीक सूर येतो तो कर्णक्ष्वेड. अप्पांचं वर्णन दुसऱ्यात बसतं. वातशमन करा, कर्णपूरण करा. कोमट तेलाचे चार थेंब रात्री. लाइटबिइट काही नको.

डेसिबल
मी मिरजेत ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, रोजचं काम हेच. सवडीनं लिहिणार होते, पण वरचा तेलाचा सल्ला वाचून आत्ताच लिहितेय. पडद्याला भोक आहे का हे बघितल्याशिवाय कानात काहीही घालू नका. तेल नको, लसणीचा रस नको, काडी तर नकोच. वैद्यबुवा, वर्गीकरणाबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि ते वाचून मजा आली, पण आधी कान बघू दे.

लेसरबद्दल रात्री.

वैद्यकुलोत्पन्न
कान तपासून मगच, हे गृहीतच होतं. लिहायचं राहिलं. मान्य.

मोरया_साउंड
आता पुढचा प्रतिसाद डीजेवर घसरणार, त्याआधीच सांगतो. माझी सिस्टीम आहे, सीझनला कराडपासून तासगावपर्यंत जातो. अप्पांचे कान मागांनी गेले, डीजेनं नाही. प्रत्येक वेळी आम्हालाच धरू नका.

आयर्विन_पूल
अजून कुणी धरलं नव्हतं की.

सातारी_कंदी
चोराच्या मनात चांदणं.

मोरया_साउंड
खरं सांगू का, विसर्जनानंतर दोन-तीन दिवस माझ्याही कानात वाजतं. मग जातं. म्हणून तर हा धागा उघडला.

डेसिबल
मोरया, जातं म्हणून खूश होऊ नका. दर वर्षी थोडं थोडं मागे राहतं. कामावर असताना फोमचे बोळे घाला, दहा रुपयांत मिळतात. पोरांनाही द्या.

आता लेसर. जरा लांबेल.

कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, अडीच वेढ्यांची. आत केसासारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. सतत मोठ्या आवाजात या पेशी मरतात, आणि सगळ्यात आधी 4000 हर्ट्झच्या आसपासच्या जातात. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. आता मागाच्या शेडमध्ये धोटा आपटत असताना किती आवाज असतो आणि मागवाला बारा-बारा तास उभा असतो, हे अप्पांना विचारा. तिथे बोलतात का ओठांवरून समजून घेतात, तेवढं विचारलं तरी पुरे.

या पेशी माणसात परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, कोंबडीत हे 1980 च्या दशकातच दिसलं होतं. आपलं नशीब तेवढं नाही. त्या पट्ट्यातून मेंदूला काही येईनासं होतं, मग मेंदू तिथला व्हॉल्यूम स्वतःच वाढवतो आणि ती रिकामी खरखर आपल्याला ऐकू येते. पाय कापल्यावर नसलेल्या पायाची बोटं दुखतात ना, तसंच काहीसं. काही रुग्णांची कानाची नस कापावी लागली, तरी आवाज तसाच राहिला. यावरून समजा की शिट्टी कानात वाजते असं वाटतं, पण ती वाजवणारा वर बसलाय.

लेसर आला कुठून? 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर कमी ताकदीचा लेसर टाकला, तर तिथले केस लवकर उगवले. तिथून ही शाखा निघाली. साधारण 600 ते 1000 नॅनोमीटरचा लाल किंवा त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतलं वीजघर म्हणा) शोषला जातो आणि पेशीला ऊर्जा बनवायला मदत होते, असा तो सिद्धांत. तो खोटा नाही. कॅन्सरच्या उपचारांत तोंड येतं, त्यासाठी हा प्रकाश खरोखर वापरतात. पण तोंडाची जखम समोर उघडी असते. कानातला शंख शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडात, पडद्याच्या मागे दडलेला. 5 मिलिवॅटच्या दिव्यातलं तिथपर्यंत किती पोचणार?

आणि पोचलं तरी? 2008 मध्ये तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात फायदा दिसला होता, हे लपवत नाही. पण 2009 मध्ये इटलीत 60 रुग्णांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना खरा लेसर, निम्म्यांना नुसतं नावाचं यंत्र, रोज 20 मिनिटं, तीन महिने. फरक शून्य. भडंगराव, तुम्ही नकळत तीच चाचणी घरी केलीत. त्याआधी डेन्मार्क आणि जपानमध्येही असंच निघालं होतं. थोडक्यात, लेसरनं अपाय होण्याची शक्यता कमी (डोळ्यात मारून घेतला नाही तर), पण "मुळापासून जातं" म्हणणाऱ्यानं 18 हजार मागू नयेत.

जुना_मिरजकर
ताईंनी छान समजावलं. पण मी उलट बाजू मांडतो. मी लेसर घेतला. दुसरीकडे, दुसऱ्या गावात, 12 सिटिंग. आणि मला बरं वाटलं. आवाज गेला नाही, पण दहातला सहावर आला. आता पुस्तकं काही म्हणोत, माझ्या कानाला मी खोटं कसं म्हणू?

कृष्णाकाठची
@जुना_मिरजकर, तिथे अजून काही सांगितलं होतं का? फक्त लाइटच?

जुना_मिरजकर
नाही, त्या डॉक्टरांनी बसवून अर्धा तास समजावलं होतं की हा जीवघेणा नाही, बहिरा होणार नाहीस, चहा-कॉफी किती पितोस, झोप कशी आहे वगैरे. झोपेकडे मी त्यानंतर जरा लक्ष दिलं. त्याच सुमारास मेव्हण्याचं व्यसन सुटलं, तीही काळजी डोक्यातून गेली होती. आता तुम्ही विचारल्यावर लिहिताना माझं मलाच वाटायला लागलंय की नक्की कशानं बरं वाटलं.

आयर्विन_पूल
मेव्हण्याचं व्यसन सुटलं हा उपचार मलाही लिहून द्या कुणीतरी.

डेसिबल
मिरजकर काका, तुम्हाला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं. हा आवाज कमीजास्त होतोच, आणि माणूस दवाखान्यात येतो तो बहुतेक सगळ्यात वाईट आठवड्यात. तिथून तो आपोआप थोडा खाली येतो आणि श्रेय त्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याला जातं. पण तुमचा तो अर्धा तास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भीती गेली की मेंदू त्या आवाजावर पहारा देणं सोडतो.

जवारी
मीही मिरजेचाच, सतारमेकर गल्लीतला. नाव सांगत नाही, गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात. आमचं पोट कानावर. सतारीची जवारी काढायची म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानस मारून, घासून अशा उतारावर आणायचा की तार सुटताना त्याला चाटून गेली पाहिजे. एक हात कमी घासलं तर सूर बंद, जास्त घासलं तर तार बोंबलते. हे डोळ्यांनी दिसत नाही, कानानंच कळतं.

चार वर्षांपूर्वी उजव्या कानात बारीक टीं सुरू झाली. पहिला विचार काय आला असेल? धंदा बसला. तंबोरा लावताना खर्ज नीट ऐकू यायचा, पण वरचे स्वर, तारेतून झिरपतात ते, त्या टींमध्ये बुडून जायचे. वडील म्हणायचे की चांगल्या तंबोऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो. मला न छेडलेला भलताच स्वर ऐकू यायला लागला.

एक दिवस वैतागून ती टीं कुठल्या स्वराची आहे ते शोधायला बसलो. ट्यूनर घेऊन, तार चढवत चढवत. सतारीच्या पल्ल्याच्या फार वर निघाली, पण दोन-तीन सप्तकं खाली आणून धरली तर काळी चारच्या जवळ, किंचित उतरलेली. गंमत अशी की स्वर सापडल्यावर माझी भीती निम्मी झाली. बेसूर आहे तर आहे, पण ओळखीचं झालं. आता जवारी डाव्या कानाकडे धरून काढतो. गिऱ्हाइकाला कळलेलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या वेळी गल्लीत पेढे वाटले. मी मनात म्हटलं, माझ्या टींलाही एक जीआय देऊन टाका.

हळद_बाजार
काय लिहिलंय! प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

सातारी_कंदी
+1. आणि पेढे सातारचे होते का तेवढं सांगा.

जवारी
इकडचेच होते, माफी असावी.

सातारी_कंदी
मग जीआय वाया गेलं.

हळद_बाजार
विषयांतर होतंय, पण विचारूनच टाकते. माझ्या डाव्या कानात धपधप होतं. शिट्टी नाही, धपधप. जिना चढले की जोरात. मनगटावर बोट ठेवलं तर नाडीबरोबर जुळतं. हे पण त्यातलंच ना? वय 43. मीठ कमी केलंय.

डेसिबल
हळदताई, हे त्यातलं नाही. एकाच बाजूला आणि नाडीच्या तालावर असेल तर धाग्यावर उत्तर शोधू नका, या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, रक्त कमी असणं, थायरॉइड, कधी कानाजवळची रक्तवाहिनी, असं बरंच काही असू शकतं. बहुतेक वेळा किरकोळ निघतं, पण बघायलाच लागतं. तसंच नुसत्या एकाच कानात शिट्टी असेल तर एमआरआय सांगतात, नसेवरची गाठ नाही ना हे बघायला. जवारी दादा, तुमचा झालाय का?

आणि कुणाचाही एक कान रातोरात बंद झाला तर "मळ असेल, सोमवारी बघू" म्हणायचं नाही. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

जवारी
झालाय ताई, स्वच्छ आहे.

तंत्रवेडा
पुण्यात असतो, मूळ गाव पलूस. लाइटवरून आठवलं. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) लेनिअर नावाच्या यंत्राला मान्यता दिली. त्यात लाइट नाही. कानात आवाज आणि त्याच वेळी जिभेवर हलके विजेचे झटके, असं एकत्र देतात. मेंदूला नवीन सवय लावायची, अशी कल्पना आहे. लाइटपेक्षा हे मला जास्त पटलं, कारण मूळ दुखणं मेंदूत आहे म्हटल्यावर हात तिथेच घालायला हवा.

भडंग_प्रेमी
जिभेवर झटके? आमच्याकडे कोल्हापूरची मिसळ तेच करते.

मुलखावेगळी
मला प्रामाणिक राग येतोय. माणूस रात्रीचा झोपत नाही आणि इकडे मिसळ-पेढे चाललेत. सरळ सांगा ना कुणीतरी, अप्पांनी काय करायचं?

डेसिबल
बरोबर. थोडक्यात सांगते. कान तपासून घ्या, मळ असेल तर काढा. मग बंद खोलीतली श्रवणचाचणी. कमी ऐकू येत असेल, जे मला जवळजवळ नक्की वाटतंय, तर श्रवणयंत्र ट्रायलवर लावून बघा. बाहेरचे बारीक आवाज आत गेले की आतला मागे पडतो. रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. आवाज एवढाच असावा की कानातलं त्याच्यात मिसळेल, बुडणार नाही. आणि फारच जीव खात असेल तर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारं समुपदेशन. आवाजाचा त्रास कमी करण्यात तिचा पुरावा सगळ्यात चांगला आहे. शिट्टी जाणार नाही, तिचं घरातलं स्थान बदलेल. अप्पा नळाशी बसले ना, तो उपचार त्यांनी स्वतःच शोधून काढलाय. फक्त नळ महाग पडतो.

अजून एक. कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिन जास्त प्रमाणात, काही इंजेक्शनं, लघवीच्या काही गोळ्या, यांनीही कान वाजतात. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार, पेढेवाल्यांचेसुद्धा. मुलखावेगळी, तुमचे विशेष. अप्पांना जवारीदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. करून कळवते.

*(दीड महिन्यानं)*

कृष्णाकाठची
धागा वर काढते, कळवायचं कबूल केलं होतं.

लेसर घेतला नाही. श्रवणचाचणी झाली. ती काचेची छोटी खोली, जाड दार, कानावर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. अप्पा मधेच दाबायचे. तपासणाऱ्या मुलीनं दार उघडून सांगितलं, "काका, आत्ता मी काही वाजवलं नव्हतं." अप्पा म्हणाले, "तुमचं नव्हतं, माझं होतं." ती पोरगी खळखळून हसली, आणि बऱ्याच दिवसांनी अप्पाही.

दोन्ही कानांचा आलेख 4000 ला खड्ड्यात गेलाय. उजव्या कानात मळ होता, तो काढला. दोन्ही कानांना यंत्र ट्रायलवर लावलं. पहिले चार दिवस कटकट. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरते, भांडी आदळता, चपला फरफटता. आता तीन आठवडे झाले. परवा म्हणाले, "कधी कधी आवाज आहे का ते शोधायला लागतं." शोधू नका म्हटलं.

रात्रीचा प्रश्न होता. मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला, तर दहा मिनिटांत बंद करा म्हणाले. 2019 ला आम्ही गावभागात होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री काढल्या, वरून असाच पाऊस. हे माझ्या लक्षातच आलं नाही. सांगलीच्या माणसाला पाऊस लावून झोप म्हणायचं! भावानं विट्याहून मित्राच्या मागाचं रेकॉर्डिंग आणलं, तर अप्पा म्हणाले, "32 वर्षं ऐकला, आता फुकट दिला तरी नको."

शेवटी माळ्यावरचा जुना टेबल फॅन काढला. भिंतीकडे तोंड करून लावतो. पाच तास सलग झोपतात. नळ बंद आहे.

डेसिबल
हे वाचून दिवस चांगला गेला. फॅन चालू ठेवा, थंडीतही. हळदताई, तुमचं काय झालं?

हळद_बाजार
हिमोग्लोबिन 7.4 निघालं. गोळ्या चालू आहेत. धपधप बरीच कमी. इथे विचारलं नसतं तर मीठच कमी करत बसले असते.

मोरया_साउंड
बोळे घेतलेत. पोरं हसतात, पण घालतात.

जवारी
अप्पांना नमस्कार सांगा. फॅन कुठल्या कंपनीचा?

कृष्णाकाठची
नाव पुसलं गेलंय. जुना आहे, एका बाजूला वळला की खटक-खटक करतो.

जवारी
म्हणजे मागच की.

कृष्णाकाठची
श्श. त्यांना सांगू नका.